जावई चार बोटं वर

अगस्ती हा वऱ्हाडचा जावई. त्याची बायको लोपामुद्रा ही विदर्भाच्या राजाची लेक, आणि विदर्भ म्हणजे आम्हीच की. म्हणून दक्षिणेला उगवणाऱ्या त्या मोठ्या ताऱ्याला माझ्या सासरी कोणी नावानं हाक मारत नसे, जावईच म्हणत. नखरेही जावयाचेच. वैशाख सरत आला की संध्याकाळी खाली खाली जात दिसेनासा व्हायचा. पेरणी, डवरणी, निंदण सगळं आटपेपर्यंत तोंड दाखवायचा नाही, आणि भाद्रपदात एका पहाटे शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, गुपचूप येऊन बसायचा. "काम सरलं का येते, जेवाले," असं माझी सासू म्हणायची. तिचा त्याच्यावर फार जीव होता.

सासूला आमच्याकडे आत्याबाई म्हणतात, म्हणून इथून पुढे मीही तेच म्हणते. आत्याबाईंना जावयाची सगळी कुळकथा पाठ. तूर निवडताना त्या सांगायच्या. विंध्य पर्वत वाढत वाढत सूर्याची वाट अडवायला निघाला, तेव्हा अगस्ती त्याला म्हणाला, मी दक्षिणेत जाऊन येतो, तोवर वाकून राहा. आणि परत गेलाच नाही. विंध्य बिचारा अजून वाकलेलाच आहे. समुद्रात दैत्य लपले, तर यानं ओंजळीत घेऊन समुद्रच पिऊन टाकला. वातापी नावाचा राक्षस बोकड होऊन याच्या पोटात शिरला, तर यानं पोटावरून हात फिरवून तो पचवला. पण आत्याबाईंची आवडती गोष्ट लोपामुद्रेची. लग्नानंतर वल्कलं नेसून रानात राहिलेली ती राजाची लेक एके दिवशी नवऱ्याला म्हणाली, माझ्या माहेरी होतं तसं अंथरूण आणि तसे दागिने आण, मग जवळ ये. एवढ्या मोठ्या तपस्व्याला दारोदार हिंडावं लागलं. "वऱ्हाडची पोरगी हाय, आयकून घेईन काय?" असं म्हणून आत्याबाई हसायच्या.

आमचं गाव अमरावतीहून अकोल्याला जाताना मध्ये, खारपट्ट्यात. जमीन काळी, कसदार, पण विहिरीला पाणी खारं. अंगणातली विहीर धुण्याभांड्याला आणि सारवणाला. पिण्याचं पाणी नदीचं. नदीच्या वाळूत हातभर खड्डा केला की त्यात गोडं पाणी झिरपून येई, त्याला झिरा म्हणत. पावसाळ्यात नदी गढूळ व्हायची, झिरे बुजायचे, आणि मग अर्ध्या कोसावरच्या महादेवाच्या विहिरीवरून डोक्यावर घागरी आणाव्या लागत. जावई दिसेपर्यंत नदीच्या पाण्याला तोंड लावायचं नाही, हा घरचा नियम. तो उगवला की पाणी निवळतं, असं जुनी माणसं म्हणत. दुसरा नियम सासऱ्यांचा. जावई दिसल्याशिवाय ते बैल गाडीला जुंपू देत नसत, कारण तोवर काळ्या मातीत चाक तुंब्यापर्यंत, म्हणजे मधल्या गाभ्यापर्यंत, रुतायचं. म्हणजे सुनांना माहेर मिळायचं ते तारा दिसल्यावरच.

मी सांगते ते माझ्या लग्नाचं दुसरं वर्ष. अमेरिकेत आपसात लढाई लागली होती, तिकडचा कापूस विलायतेला जाईना, म्हणून सगळे आमच्या कापसाच्या मागे लागले होते. हे कारण मला फार पुढे कळलं. तेव्हा एवढंच दिसत होतं की जिथे ज्वारी असायची तिथे कापूस, आणि घरामागच्या वांग्याच्या वाफ्यातही कापूस. "उद्या हाच शिजवून खाजा," असं आत्याबाई सासऱ्यांना ऐकवायच्या. नदीच्या वरच्या अंगाला, एरवी जिथे कोणी फिरकत नसे तिथे, त्या वर्षी भर पावसात पालं पडली होती. आगगाडीसाठी मातीचा भराव टाकणारी माणसं होती, गाड्या दुरुस्त करणारे सुतार होते, पीक कसं येतं याचा अंदाज घेत हिंडणारे दलाल होते. त्या सगळ्यांची आंघोळ आणि बाकीचंही सगळं नदीतच.

माझं माहेर अकोल्याचं. श्रावणात तिकडून पायी आलेल्या एका माणसानं निरोप आणला की माझी माय ओसरीवरून पडली, पाय मोडला, खाटेवर आहे. चौदा महिन्यांत मी तिचं तोंड पाहिलं नव्हतं. चुलीपुढे बसून, धुराचं निमित्त करून मी पोटभर रडले. सासऱ्यांच्या कानावर गेलं, तर ते म्हणाले, "जवाई दिसू दे, मंग धाडू." त्यांच्यापुढे घरात कोणाचं काही चालत नसे, आत्याबाईंचंही नाही.

तारा पाहायचं काम घरच्या थोरल्या बाईचं. पण आत्याबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. उजेड आणि अंधार तेवढा कळे, माणसं त्या आवाजावरून ओळखत. त्या वर्षी त्यांनी ते काम मला दिलं. "आता तुह्ये डोये ते माह्ये डोये," म्हणाल्या. मला केवढा मान वाटला! रोज कोंबडा आरवला की आम्ही दोघी धाब्यावर, म्हणजे घराच्या मातीच्या सपाट छतावर, चढायचो. त्यांना पायऱ्या पाठ होत्या, ठेच मलाच लागायची. वर ढगच ढग. आठ दिवस असेच गेले.

मग एका पहाटे ढगांत थोडी फट पडली आणि त्या फटीत एक तारा दिसला. पांढरा, निळसर, थरथरणारा, इतका लखलखीत की माझ्या तोंडून "आला!" निघून गेलं. त्याच्या आजूबाजूचं सगळं झाकलेलं होतं. तो दक्षिणेपेक्षा उगवतीकडे जास्त आहे, हे मला दिसलं नाही असं नाही. दिसलं, आणि मी मनात म्हटलं, असेल. माझ्या डोळ्यांपुढे अकोला होतं.

"कुठी हाय? दाखव," आत्याबाई म्हणाल्या. मी हात उचलून ताऱ्याकडे केला. त्यांनी माझं मनगट धरलं, मनगटापासून खांद्यापर्यंत हळूहळू हात फिरवला आणि बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "आला म्हनायचा जवाई." खाली उतरून सगळ्या घराला त्यांनीच मोठ्यानं सांगितलं.

अर्घ्य दिलं, गोडाधोडाचं केलं. सासऱ्यांनी गाडीला वंगण द्यायला सांगितलं आणि चौथ्या दिवशी मला अकोल्याला धाडायचं ठरलं. तेव्हा माझी नणंद पहिल्या बाळंतपणासाठी आलेली होती. तिला सातवा महिना. महादेवाच्या विहिरीचं पाणी जपून जपून वापरायचा तिला कंटाळा आला होता, तहानही फार लागायची. मी घागर घेऊन धावतच नदीवर गेले. नदी अजून गढूळ होती. काठाला झिरा केला, पाणी फडक्यातून गाळलं, घरी येऊन गाळ खाली बसावा म्हणून घागरीत निवळीची बी घासली, आणि पहिला लोटा माझ्या हातानं नणंदेला दिला. ती गटागटा प्यायली. "वयनी, गोड हाय वं," म्हणाली.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिला पटकी झाली. पटकी म्हणजे आता ज्याला कॉलरा म्हणतात ती. दुपारपर्यंत तिचे हातपाय गार पडले, डोळे आत गेले, आवाज बसला. वरच्या आळीत त्याच दिवशी दोघांना झाली होती आणि त्यातलं कोणी वाचलं नाही. इथे तर एका कुडीत दोन जीव होते. वैद्य आला, म्हणाला, पाण्याचा थेंब देऊ नका, पाण्यानं जुलाब वाढतात. आत्याबाईंनी ऐकून घेतलं, त्याला वाटेला लावलं आणि मला म्हणाल्या, "नदीचं पानी फेक. रांजन उलटा कर."

महादेवाच्या विहिरीवरून पाणी येईपर्यंत वेळ जाणार होता आणि नणंद तर पाणी पाणी करत होती. तेव्हा त्यांनी अंगणातल्या विहिरीचं खारं पाणी काढायला लावलं, ज्याला आम्ही कधी तोंड लावत नव्हतो. ते खळखळा उकळलं, त्यात ज्वारीचं पीठ कालवून पातळ पेज केली, गुळाचा खडा टाकला, आणि चमच्यानं पाजत बसल्या. ओकली की पुन्हा एक चमचा. मी गोडं पाणी घेऊन आले तरी त्यांनी पेज बदलली नाही. "हे पोटात टिकून राह्यलं, आता हेच," म्हणाल्या. एका हातानं पाजायच्या, दुसरा हात लेकीच्या पोटावरून फिरवायच्या आणि जावयाला बोल लावायच्या. "अख्खा समुद्र पेला तू. राक्षस पचवला. अन् माह्या पोरीच्या पोटातलं लोटाभर पानी पचवता येत नाई तुले? कायचा जवाई गा तू!" तेव्हा हसायची वेळ नव्हती. आज आठवलं की हसू येतं आणि डोळेही भरून येतात.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी घागर घेऊन महादेवाच्या विहिरीकडे निघाले. आकाश त्या दिवशी नेमकं स्वच्छ होतं. माझा तो लखलखीत तारा जागच्या जागी होता, पण आता त्याच्या वरचं सगळं उघडं पडलं होतं. मृगाचे चार पाय होते, पोटात तीन ताऱ्यांचा बाण होता, आणि ज्यानं तो बाण मारला तो व्याध खाली उभा होता. तोच माझा तारा. दक्षिणेचा धुरा रिकामा होता. मी घागर खाली ठेवली आणि वाटेतच बसून राहिले.

घरी आले तर सासरे आतल्या खोलीच्या दारात उभे होते. "यंदा एवढ्या लवकर तारा कसा आला? कोनं पायला?" मी डोक्यावरची घागर उतरवली आणि तोंड उघडणार तेवढ्यात आत्याबाई बोलल्या. लेकीच्या तोंडाशी चमचा धरलेला, मान वळवली नाही. "म्या सांगतलं. माह्या डोयाचं तुमाले माहीतच हाय. चुकलं." डोळे गेलेल्या बाईला ते काय बोलणार. ओसरीवर जाऊन बसले.

दुखण्याच्या तिसऱ्या दिवशी नणंदेच्या हातापायांत ऊब आली. संध्याकाळी तिनं आईचा हात ओढून आपल्या पोटावर ठेवला. आत मूल हलत होतं. आत्याबाई त्या वेळी पहिल्यांदा रडल्या. मी देवापुढे बसले, पण देवाला काय सांगावं ते मला सुचेना.

पुढे दहा-बारा दिवसांनी आत्याबाईंनी मला पुन्हा धाब्यावर नेलं. मी नको म्हणत होते. आता माझ्या डोळ्यांवर कोणी भरवसा ठेवावा असं मलाच वाटत नव्हतं. आकाश मोकळं होतं. दक्षिणेला, धुऱ्याच्या थोडंसं वर, धुळकट हवेत तांबूस दिसणारा एक मोठा तारा होता. मी तिकडे हात केला. त्यांनी माझं मनगट धरलं, खांद्यापर्यंत चाचपलं, आणि लगेच हसल्या. "हा हाय जवाई. हात लांब करून मोजला तं पहिल्या दिवशी धुऱ्याच्या वर चार बोटं. त्याच्यावर नाई. अन् पुढं लय चढला तरी दोन मुठीच्या आतच राह्यते. ध्यानात ठेवजो."

मला राहवलं नाही. "आत्याबाई, तवा म्या व्याध दाखवला."

"मले माहीत हाय."

"कवापासून?"

"तवाच. तुहा हात दोन मुठी वर होता, अन् उगवतीकडं. जवाई कवा तिकडं बसते का?"

"मंग आला कावून म्हनलं?"

त्या कठड्याला टेकून बसल्या. "तुही माय खाटेवर पडून हाय. तू चुलीपाशी रडून राह्यली होती ते मले आयकू येत नोतं काय? तुह्या सासऱ्याले मी काय सांगू? माह्यापाशी त्या जवायाबिगर दुसरं होतं काय? म्हनलं, आठ दिवसानं काय होते." मग म्हणाल्या, "पोरगी जाता जाता राह्यली. पन चूक माही हाय, पोरी. तुले घाई होती. म्या समजून उमजून बोलली."

मी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवलं. सुनेच्या माहेरासाठी त्यांनी आपल्या हातातली एकुलती एक गोष्ट खोटी केली, त्यात पोटची लेक जायची वेळ आली, आणि तरी माझ्याकडे एकदाही वाकड्या नजरेनं पाहिलं नाही. इतकं मला आयुष्यात दुसऱ्या कोणी दिलं नाही. माझ्या मायनंही नाही, आणि हे मी तिला अकोल्याला गेल्यावर सांगितलं, तर तीही काठी टेकत उठून अंगणात गेली आणि दक्षिणेकडे हात जोडून उभी राहिली.

कार्तिकात नणंदेला मुलगा झाला. हाडाची काडी, पण रडणं मात्र आळी जागवणारं. पुढे तो शिकायला आमच्याकडेच राहिला. रोज संध्याकाळी त्याच्या पाटीवर मीही अक्षरं गिरवली. हे जे काही लिहिते आहे ते त्याच्या पाटीमुळे. आता तो अमरावतीला मास्तर आहे. गेल्या माघात शाळेची दुर्बीण घेऊन आला आणि त्याच धाब्यावर मांडून बसला. दुर्बिणीतूनही तारा म्हणजे ठिपकाच, फक्त जास्त झगझगीत. मी म्हटलं, "एवढ्यासाठी एवढं ओझं आनलं?"

तो रागावत नाही, शिकवतो. म्हणाला, "मामी, हे दोन्ही सूर्यच आहेत. रात्रीच्या ताऱ्यांत व्याध सगळ्यात तेजस्वी, अगस्ती दुसरा. पण व्याध जवळ आहे म्हणून तसा दिसतो. त्याचा उजेड आठ-नऊ वर्षांत आपल्याकडे पोचतो. अगस्ती किती दूर आहे हे मोठमोठ्यांना अजून नीट मोजता आलेलं नाही, आणि तरी तो एवढा दिसतो. म्हणजे खरा किती मोठा असेल!" उन्हाळ्याच्या शेवटी तो सूर्याच्या उजेडात बुडतो म्हणून दिसत नाही. पृथ्वी गोल आहे, म्हणून जो दक्षिणेला जाईल त्याला अगस्ती वर वर चढलेला दिसतो, आणि पार उत्तरेला हिमालयापलीकडे गेलं की दिसतच नाही. विंध्य ओलांडून खाली आलेल्या माणसांना हा तारा चढताना दिसला असेल आणि त्यातून त्यांनी ती गोष्ट रचली असेल, असं त्याला वाटतं. मला ते पटलं. गोष्टही खोटी पडली नाही आणि ताराही.

पण मग तो म्हणाला, तारा काही पाणी निवळवत नाही, तो उगवतो तेव्हा पाऊस ओसरलेला असतो आणि गाळ खाली बसतो, एवढंच. पटकी तर डोळ्यांना न दिसणाऱ्या किड्यांनी होते, ते निवळलेल्या पाण्यातही असतात, म्हणून पाणी उकळावं. आणि पटकीच्या रोग्याला हल्ली डॉक्टर मिठाचं पाणी देतात. खाऱ्या विहिरीच्या पेजेवर वाचलेलं पोर मला मिठाच्या पाण्याचं सांगत होतं. त्याला हे कोणी कधी सांगितलेलं नाही. त्याची आई वारली, आत्याबाई तिच्याही आधीच गेल्या. हे लिहून झालं की पहिल्यांदा तोच वाचेल.

आता माझ्याही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आहे. आमच्या वाटेवर आगगाडी धावते, गावात नवी गोड्या पाण्याची विहीर आहे, तरी तारा पाहायची रीत मी सोडलेली नाही. यंदा ते काम नातसुनेला दिलं. तिचं माहेर मोर्शीचं. तिच्या बहिणीला मूल झालंय आणि ते पाहायला तिचा जीव टांगलेला आहे, हे मला तिच्या भांडी आपटण्यावरून कळतं. परवा पहाटे धाब्यावर ती ओरडली, "आला, आजी, आला!"

"कुठी? दाखव." मी तिचं मनगट धरलं. खांद्यापर्यंत हात फिरवला. दोन मुठी वर, आणि उगवतीकडे.

मी बराच वेळ तशीच उभी राहिले. मग म्हटलं, "हा व्याध हाय, पोरी. जवायाले अजून दहा-बारा दिस हायेत." तिचा हात माझ्या हातात एकदम सैल पडला. मी तो सोडला नाही. "पन तू उद्याच मोर्शीले जा. पोराले पाहून ये. माहेराले तारा लागत नाई."

आत्याबाईंना हे एवढं एक वाक्य बोलता आलं नव्हतं. खाली उतरून मी सगळ्या घराला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं की नातसून उद्या माहेरी जाते आहे, आणि जावई अजून आलेला नाही, तेव्हा नदीच्या पाण्याला कोणी तोंड लावायचं नाही.